एका बोटाचा फरक

सुट्टीवर आलो की पहिले काही दिवस माझे ओठ हलत असतात. मला ते कळत नाही, बायकोला कळतं. चहाचे पैसे दिले, पेट्रोल भरलं, मुलीला वह्या घेतल्या, की ती म्हणते, "झालं का भागून?" मी रुपयांचे दिरहम करत असतो. शारजात असलो की दिरहमचे रुपये करायचे आणि घरी आलो की रुपयांचे दिरहम, ही माझी इतक्या वर्षांची खोड. पूर्वी ह्या भागाकाराचं उत्तर असं यायचं की मनातल्या मनात हसू यायचं. सगळ्या घराला हॉटेलात पोटभर मटण खाऊ घातलं तरी तिकडच्या एका बऱ्यापैकी बुटांच्या जोडाएवढेच पैसे व्हायचे. ह्या खेपेला उत्तर काढलं की पुन्हा एकदा काढून बघत होतो.

मी शारजातल्या एका मॉलच्या एसी प्लांटवर काम करतो. गार हवा तयार करणारी मोठाली यंत्रं असतात, ती बंद पडू द्यायची नाहीत, एवढंच काम. आमच्या घोडेगावात ह्या सगळ्याला दुबई म्हणतात आणि मी आता कोणाला दुरुस्त करायला जात नाही. गेलो तेव्हा मुलगी रांगत होती. आता ती अकरावीला आहे. मोबाईलवर बोलताना ती मला सहज पप्पा म्हणते, पण समोर आलो की म्हणायच्या आधी जरा थांबते. तिला ओळखीचा आहे तो पडद्यावरचा मी.

ह्या खेपेला फोनमध्ये कंपनीचं पत्र घेऊनच विमानात बसलो होतो. करार संपत आला होता. पुढची दोन वर्षं हवी असतील तर सुट्टी संपायच्या आत कळवा, पगार आहे तोच, आणि इथून पुढे राहण्याची सोय ज्याची त्याने बघायची. म्हणजे खोलीचं भाडं माझं. तिकडं भाडं कसं चढलंय ते तिथं राहणाऱ्यालाच ठाऊक. पूर्वी लोक खोली भाड्यानं घ्यायचे, मग अर्धी खोली घ्यायला लागले, आता नुसती खाट घेतात. त्या खाटेचंसुद्धा भाडं दर वर्षी वाढतं.

खाण्याचंही तसंच झालं. आमच्या खोलीत आम्ही चौघं, मी सोडून एक बीडचा आणि दोन केरळचे. शुक्रवारी सुट्टी असली की आम्ही एका केरळी हॉटेलात मासे-भात खायला जायचो. आठवडाभर त्याची वाट बघायचो. आधी माशाचा तुकडा बारीक झाला. मग भात दुसऱ्यांदा वाढणं बंद झालं. मग एका शुक्रवारी कोणीच 'चला' म्हणालं नाही. चौघंही आपापल्या खाटेवर फोन बघत पडून राहिलो आणि दुपारी डाळ शिजवून खुबूस, म्हणजे तिकडची रोटी, बुडवून खाल्ली. भांडण नाही, चर्चा नाही. पुढच्या शुक्रवारीही तेच झालं आणि मग तीच रीत पडली.

घरी मात्र माझी रीत वेगळी होती. सुट्टीवर आलो की पहिल्या रविवारी सगळ्यांना हॉटेलात जेवण, आणि ते मी द्यायचं. हे कोणी ठरवलं नव्हतं, पहिल्या वर्षी झालं आणि चालू राहिलं. नगरच्या बाजूला हायवेवर एक जुनं हॉटेल आहे, तिथंच जायचं. आम्ही आत शिरलो की मालक गल्ल्यावरून ओरडायचा, "दुबईवाले आले, पंख्याखालचं टेबल पुसा रं." मला हे आवडायचं. लाज कशाला बाळगू, फार आवडायचं.

ह्या रविवारी आम्ही पाच जण होतो. मी, बायको, मुलगी, धाकटा भाऊ आणि आमचे वडील. वडिलांना आम्ही आण्णा म्हणतो. धाकटा सुप्याला एका कारखान्यात मशीनवर आहे, तिथंच खोली करून राहतो आणि रविवारी घरी येतो. त्यानं यंदा गाडी घेतली, जुनीच, पण चार चाकांची. त्या गाडीतून आम्ही गेलो. दर वेळी मी जीप ठरवायचो.

हॉटेल गच्च भरलेलं होतं. महागाई महागाई म्हणतात आणि रविवारी बसायला जागा नसते, हे मला अजून उमगलेलं नाही. पंख्याखालच्या टेबलावर कोणाचा तरी वाढदिवस चालला होता. मालक गल्ल्यावर नव्हता. खांद्यावर फडकं टाकून तो स्वतःच ताटं वाहत होता. आम्हाला बघून हसला आणि भिंतीलगतच्या टेबलाकडे मान केली.

"पोरं कुठं गेली तुझी?" आण्णांनी त्याला विचारलं.

"सुप्याला," मालक म्हणाला. "दुसरीकडं कुठं जात्यात? तितं बस न्यायला येती, पीएफ हाय, आठवड्याची सुट्टी हाय. मी पगार वाढीवला, ऱ्हायला खोली दिली, तरी दिवाळी झाली की गायब. मंग ताटाचा भाव वाढवावाच लागतो, आण्णा. तुमीच सांगा."

धाकटा मान खाली घालून हसत होता, कारण त्या गायब झालेल्या पोरांपैकी दोघं त्याच्याच लाईनवर कामाला होती.

मी मेनूकार्ड उघडलं आणि आधी उजवीकडचे दर बघितले. ओठ हलले असणार, कारण बायकोनं टेबलाखाली पाय लावला. मुलगी तिच्या प्रतीतून मोठ्यानं वाचत होती. मटण थाळी, सुकं, रस्सा, भात आणि भाकरी दोन. खाली बारीक अक्षरात होतं ते तिनं तितक्याच मोठ्यानं वाचलं, "जादा भाकरीचे वेगळे पैसे पडतील."

"काय म्हनली?" आण्णांनी विचारलं.

तिनं परत वाचलं.

"भाकरी मोजून?" आण्णा म्हणाले.

बाहेरच्या माणसाला ह्यात काही वाटणार नाही. पण आमच्याकडे जेवणाऱ्याच्या भाकरी मोजत नाहीत. आई होती तेव्हा ती भाकरीच्या टोपल्यावर फडकं टाकून बसायची आणि फडक्याखालून काढून वाढायची. किती खाल्ल्या हे खाणाऱ्याला कळायचं नाही आणि बघणाऱ्यालाही नाही. मोजलं की अंगी लागत नाही, म्हणायची. आण्णा साडेतीन भाकरीचे गडी. त्या दिवशी दोन झाल्यावर त्यांनी ताटावर हात आडवा धरला आणि पोट भरलं म्हणाले. रस्सा अर्धी वाटी उरला होता. मला 'घ्या की' म्हणता आलं असतं. मी म्हणायच्या आधी मनात भागाकार करून घेतला आणि तेवढ्यात उशीर झाला.

"मालक," धाकट्यानं हाक मारली, "गरम चार भाकरी टाका हितं. आन् रस्सा."

भाकरी आल्या. आण्णांनी दीड खाल्ली. मग धाकटा हात धुवायला म्हणून उठला, बेसिनकडे गेला, आणि येताना गल्ल्यावरच्या चौकोनाला मोबाईल लावून पैसे देऊन आला. मी खिशात हात घातला तेव्हा मालक लांबूनच म्हणाला, "झालं पाव्हनं, आलं पैसं."

"दर टायमाला तूच देतो, दादा," धाकटा म्हणाला. "म्हटलं एकदा आपन."

मी हसलो, त्याच्या पाठीवर थाप मारली. आतून मला भयंकर राग आला होता. ज्याला मी पहिला मोबाईल आणून दिला, ज्याच्यासाठी विमानातून बूट आणले, त्यानं माझं जेवण दिलं. गाडीत बसेपर्यंत राग निवला आणि त्याच्या जागी भीती आली. हे जेवणही माझं राहिलं नाही, तर मी तिकडं नक्की काय करतोय? मुलगी पुढे काकाशेजारी बसली. तिची ठरलेलीच जागा होती ती, काच किती खाली घ्यायची हेही तिला ठाऊक होतं. मी मागे मधोमध गुडघे आवळून बसलो आणि गाण्याचा आवाज कमी करायला सांगितला.

पुढचे दिवस मला एका जागी बसवेना. नळाचे वायसर बदलले. पंखे उतरवून पुसले. शेजाऱ्यांचा फ्रीज न विचारताच उघडून बसलो. स्लॅबवर पाणी कुठं मुरतं ते बघायला दोनदा वर चढलो. दर वर्षी शारजातून फोनवर मी ह्या स्लॅबबद्दल सूचना देतो आणि आण्णा म्हणतात, उंटावरून शेळ्या हाकू नको. आता शेळ्यांजवळ आलो होतो तर शेळ्यांना माझी गरज नव्हती. दिवसातून कितीदा तरी कंपनीचं पत्र उघडायचो आणि बंद करायचो. 'हो' लिहायला दोन अक्षरंही लागत नाहीत. बायको म्हणायची, "बसा की जरा." जाऊ नका, असं ती म्हणाली नाही. पहिल्यांदा गेलो तेव्हा म्हणाली होती आणि मी गेलो होतो. त्यानंतर तिनं तो शब्द वाया घालवला नाही.

धाकट्याला माझी घालमेल कळली असावी. बुधवारी तो मुद्दाम घरी येऊन मला सुप्याला घेऊन गेला. त्याच्या कारखान्यात माझ्या कामातल्याच जातीची यंत्रं आहेत, गार पाण्याची, आणि ती सांभाळणारा माणूस नोकरी सोडून चालला होता. तिथल्या साहेबांनी दहा मिनिटं बोलून पगार सांगितला आणि कधी येताय म्हणून विचारलं. मी विचार करून सांगतो म्हणालो. आकडा ऐकल्यावर माझे कान गरम झाले होते. मी गेलो त्या वर्षी सुप्यात एवढा पगार कोणी बोलून दाखवला असता तर त्याला लोकांनी वेड्यात काढलं असतं.

दुपारी आम्ही गेटबाहेरच्या खाणावळीत जेवलो. मराठी बोलणारे आम्ही दोघंच असू. बाकी सगळी पोरं ओडिशाची, बिहारची, कंपनीचे शर्ट घातलेली. खाणावळवालीनं त्यांच्यासाठी भात आणि माशाचं कालवण ठेवायला सुरुवात केली होती. समोरच्या बाकावर एक जण ताट घेऊन बसला. माशाचा तुकडा त्यानं बोटानं उलटा करून बघितला, मग भिंतीवरची दराची पाटी बघितली, मग जेवायला लागला. त्याचे ओठ हलत होते. त्याच्या गावाहून बघितलं तर हे सुपं म्हणजे दुबईच की. दुरून डोंगर साजरे म्हणतात, तसा मी कोणाच्या तरी डोंगरावर बसून जेवत होतो आणि माझा डोंगर मात्र अजून तिकडंच होता.

शुक्रवारी घोडेगावचा बाजार असतो. आण्णा जन्मभर त्या बाजारात जनावरांचे दलाल होते. आता धंदा सोडला, पण शुक्रवारी पांढरी टोपी घालून, खांद्यावर टॉवेल टाकून जातातच. मीही त्यांच्याबरोबर गेलो, कारण घरात दुरुस्त करायला काही उरलं नव्हतं.

बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल आणि मालक हात हातात घेतात, वर टॉवेल टाकतात आणि आत बोटं धरतात. एक बोट धरलं तर एक, तीन धरली तर तीन, अख्खा पंजा धरला तर पाच. शेकड्यात, हजारात की त्याहून वर, तेवढं तोंडानं सांगायचं. शेजारी उभ्या असलेल्याला काही कळत नाही आणि कमी भाव बोलला म्हणून चारचौघांत कोणाचा अपमान होत नाही. दुसरी एक रीत दाव्याची. जनावर विकलं तरी त्याचं दावं मालक काढून घेतो, घेणाऱ्यानं आपलं आणायचं. दावं दिलं की गोठ्यातली लक्ष्मी गेली, असं मानतात. आणि विकायला आणलेलं जनावर संध्याकाळी न विकता माघारी नेणं ही मोठी नामुष्की. वाटेत जो भेटेल तो विचारतो, काय, गिऱ्हाईक न्हाई का भेटलं? आण्णा अभिमानानं सांगायचे, माझ्या हातून जनावर कधी माघारी गेलं न्हाई. भाव पडला तरी ते दोन्हीकडं बोटं दाबून सौदा जुळवायचेच.

आम्ही चहाच्या टपरीवर बसलो. समोर म्हशींची रांग होती. आण्णांनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि माझा उजवा हात आपल्या हातात घेतला. मग खांद्यावरचा टॉवेल काढून वर टाकला.

"एक बोट दहा हजाराचं," ते समोर म्हशींकडे बघत म्हणाले. "तुझं समदं जाऊन तितं किती उरतं?"

आमच्या घरात पगार विचारत नाहीत. इतक्या वर्षांत त्यांनी विचारला नव्हता, मी सांगितला नव्हता. मी आजूबाजूला बघितलं. कोणाचं लक्ष नव्हतं, बाजारात असल्या दोन हातांकडे कोण बघतो? मी त्यांची चार बोटं धरली. मग खोलीच्या भाड्याचं आठवलं, पण तसंच राहू दिलं.

"सुप्याचं?"

म्हणजे धाकट्यानं सांगितलं होतं तर. मी तीन धरली.

टॉवेलाखाली आण्णांचा अंगठा त्या सुटलेल्या बोटावरून फिरत होता. चार आणि तीन, मध्ये एक बोट. त्या एका बोटासाठी आणखी दोन वर्षं. मुलगी बारावी होणार, कुठं तरी शिकायला जाणार, आणि मी ते पडद्यावर बघणार.

"वर काय देत्यात का?" त्यांनी विचारलं. "पुडल्या वर्साला?"

"नाही. उलट खोलीचं भाडं आता आपलं म्हणतात."

आता मात्र त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"म्हंजी दावं बी आपलंच?"

मी मान हलवली. मला हसू आलं.

"आरं, दावं घेनाऱ्यानं आनायचं असतं," आण्णा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही. धंद्यातला माणूस बोलतो तसं बोलले. "आन् तू आता चारचा बी ऱ्हायला न्हाईस. भाडं भरून तीनच. ह्या भावात द्यायचं न्हाई. माघारी न्यायचं."

ते उठले. टॉवेल झटकून खांद्यावर टाकला, पण हात सोडला नाही. सत्तरी ओलांडलेला माणूस चाळिशीच्या मुलाला हाताला धरून भर बाजारातून चालला होता. मला अवघडल्यासारखं झालं. म्हशींच्या मधून, कडब्याच्या पेंढ्यांच्या बाजूनं आम्ही निघालो. खिशातला फोन मांडीला लागत होता, त्यात ते पत्र होतं. सगळं ठरलं असं मला अजून वाटत नव्हतं. बोटं सुटली तर परत भागाकार सुरू होईल, एवढं कळत होतं.

बाजाराच्या तोंडाशी आण्णांच्या जोडीचे एक म्हातारे दलाल लिंबाखाली बसलेले होते. त्यांनी आमचे हात बघितले आणि सवयीनं विचारलं, "काय आण्णा, फिटला का सौदा?"

"न्हाई," आण्णा म्हणाले. "इकायचं न्हाई. घरचं हाय."

घर येईपर्यंत मी हात सोडवून घेतला नाही.